वारा एकीकडे, पाणी भलतीकडे! सागरी प्रवाह कुणी समजावेल का?

भरकटलेला | शनिवार, रात्री 10.40

शाळेत सागरी प्रवाहांचा नकाशा घोकला होता. तांबडे बाण उष्ण प्रवाहांचे, निळे शीत प्रवाहांचे. 'प्रवाहांची कारणे लिहा' म्हटलं की वारे, परिवलन, तापमान, क्षारता, किनाऱ्याचा आकार असे पाच मुद्दे ठोकायचे आणि पैकीच्या पैकी गुण घ्यायचे. कळलं काहीच नव्हतं, पण कुणी विचारलंही नाही.

आता मुलगी सातवीत आहे आणि ती विचारते. परवा तिने अटलांटिकचा नकाशा माझ्यापुढे सरकवला. विषुववृत्ताच्या थोडं वर व्यापारी वारे पश्चिमेकडे जातात, आणखी वर पश्चिमी वारे पूर्वेकडे जातात, आणि पाणी मात्र घड्याळाच्या काट्यांसारखं गोल फिरतंय. "वारा सरळ आणि पाणी गोल, असं का?" मी म्हटलं, पृथ्वी फिरते ना, म्हणून. तर म्हणते, "बाबा, हे उत्तर नाही, हे नुसतं वाक्य आहे."

मग बसलो वाचत. पंधरा दिवसांत एवढं हाती लागलं: वारा पाण्याला घासत जातो आणि ओढतो, पण फार थोडं. वाऱ्याच्या वेगाच्या जेमतेम दोन-तीन टक्के. सेकंदाला 10 मीटरचा दमदार वारा असला तर वरचं पाणी सेकंदाला 20-30 सेंटिमीटर सरकणार. इथवर ठीक. पुढे कोरिऑलिस येतो, म्हणजे पृथ्वी फिरते म्हणून चालती वस्तू वळते तो परिणाम, आणि माझी गाडी रुतते.

विषुववृत्तावरची जमीन ताशी सुमारे 1670 किमी वेगाने पूर्वेकडे पळते, 60 अंशांवरची बरोबर निम्म्या वेगाने. म्हणून विषुववृत्ताकडून उत्तरेला निघालेली वस्तू आपला जादा वेग सोबत नेते आणि पूर्वेकडे, म्हणजे उजवीकडे वळते. वाचून पटलं. मग प्रयोग केला. फिरत्या स्टुलावर पुठ्ठा चिकटवला, वर कोरा कागद. मुलगी स्टूल सावकाश फिरवत होती. मी पट्टी हवेत स्थिर धरली आणि तिच्या कडेने मधोमधून बाहेर स्केचपेन ओढलं. हात सरळ गेला, कागदावर उमटली विळ्यासारखी रेघ. बापलेक दोघंही खूश. मग लक्षात आलं की ती डावीकडे वळलीय. चारदा केलं, चारही वेळा डावीकडे!

आणखी दोन ठिकाणी अडलोय. एकमन नावाचे शास्त्रज्ञ म्हणतात की वाऱ्यामुळे एकूण पाणी सरकतं ते वाऱ्याच्या काटकोनात. वारा उत्तरेकडे ढकलतोय आणि पाणी पूर्वेला? आणि गल्फ स्ट्रीम (अमेरिकेलगतचा), कुरोशिओ (जपानपाशी), अगुल्हास (दक्षिण आफ्रिकेपाशी) हे सगळे दांडगे प्रवाह महासागरांच्या पश्चिम कडेलाच का? पूर्व कडेचे इतके मरतुकडे का?

जाणकारांनी प्रकाश टाकावा. सूत्रं चालतील, पण सोबत माणसांची भाषा हवी.

अर्धवट | रात्री 10.52

स्टूल कुठल्या बाजूने फिरवलंत?

भरकटलेला | रात्री 10.58

विचारून आलो. "सोपं पडलं तसं." म्हणजे काट्यांच्या दिशेने.

अर्धवट | रात्री 11.01

मग दक्षिण गोलार्ध बनवलात. उत्तर ध्रुवाच्या वरून पाहिलं तर पृथ्वी काट्यांच्या उलट दिशेने फिरते, दक्षिण ध्रुवाच्या वरून पाहिलं तर काट्यांच्या दिशेने. पृथ्वी तीच, बघणारा उलटा. प्रयोग बरोबर, गोलार्ध चुकला. हलके घ्या.

तिरकस | रविवार, सकाळी 8.15

बेसिनमधलं पाणी उत्तर गोलार्धात एका बाजूने फिरत जातं आणि दक्षिणेत दुसऱ्या, ते याचमुळे ना? आमच्याकडे एका बेसिनमध्ये उजवीकडून फिरतं आणि दुसऱ्यात डावीकडून. घराच्या मधून विषुववृत्त गेलंय म्हणायचं.

अर्धवट | सकाळी 8.40

बेसिन एका मिनिटात रिकामं होतं. तेवढ्यात पृथ्वी वळते पाव अंश. पाव अंशाने कुणाचं काय वळणार? नळाचं पाणी कुठल्या बाजूने पडलं, भांड्याला किती उतार आहे, यानेच तिथली दिशा ठरते.

हे करून बघितलेलंही आहे. 1962 साली अमेरिकेत आशेर शपिरो यांनी एक मोठी गोल टाकी भरली, आतली सगळी हालचाल मरावी म्हणून 24 तास तशीच ठेवली आणि मग मधलं बूच हळूच काढलं. तेव्हा कुठे पाणी पृथ्वीचं ऐकून काट्यांच्या उलट फिरलं. समुद्रातलं पाणी दिवसच्या दिवस, महिनोन्महिने वाहत असतं. त्याच्याजवळ वळायला वेळच वेळ आहे.

चौकस | सकाळी 9.30

धागा आवडला. पण 1670 किमीवाल्या स्पष्टीकरणात मला कायम एक भोक दिसतं. उत्तर-दक्षिण जाणाऱ्या वस्तूला ते लागू पडतं. पण जी वस्तू सरळ पूर्वेला निघालीय तिचं काय? अक्षांश बदलतच नाही, मग जादा वेग कुठून आणायचा? तरी पुस्तकं म्हणतात तीही उजवीकडे वळते. हे मी दोन वेगवेगळ्या शिक्षकांना विचारलं होतं. एक चिडले, दुसऱ्यांनी विषय बदलला.

शेवाळ | सकाळी 11.20

चौकस, भोक खरंच आहे. अर्धं स्पष्टीकरण पूर्ण म्हणून शिकवलं जातं. बऱ्याच वर्षांपूर्वी समुद्रविज्ञान शिकले, त्या भांडवलावर सांगते.

पृथ्वी फिरते म्हणून तिच्यावरची प्रत्येक वस्तू अक्षापासून बाहेर फेकली जायला बघते. तरी आपण विषुववृत्ताकडे घसरत जात नाही, कारण पृथ्वी त्याच हिशेबाने फुगलेली आहे. विषुववृत्तावरची त्रिज्या ध्रुवावरच्या त्रिज्येपेक्षा 21 किमीने जास्त आहे. हा फुगवटा म्हणजे एक चढ समजा. पृथ्वीच्याच वेगाने फिरणारी वस्तू त्या चढावर जागच्या जागी राहते, बाहेर फेकणारा जोर आणि चढ यांची फिट्टंफाट.

आता वस्तू पूर्वेला निघाली, म्हणजे ती पृथ्वीपेक्षा जास्त वेगाने फिरायला लागली. बाहेरचा जोर वाढला, ती चढावर सरकणार, म्हणजे विषुववृत्ताकडे. उत्तर गोलार्धात पूर्वेला तोंड करून उभे राहा, विषुववृत्त कुठल्या हाताला? उजव्या. पश्चिमेला निघाली तर ती पृथ्वीपेक्षा हळू फिरते, जोर कमी पडतो, ती चढावरून ध्रुवाकडे घसरते. पश्चिमेला तोंड केलं की ध्रुव पुन्हा उजव्याच हाताला. कुठेही निघा, उजवीकडेच.

कोरिऑलिस यांनी 1835 साली हे मांडलं तेव्हा समुद्र त्यांच्या डोक्यातही नव्हता. ते फिरणाऱ्या यंत्रांचं गणित करत होते.

आता भरकटलेला यांचा काटकोन. त्याची जन्मकथा मला फार आवडते. नॉर्वेचे शोधप्रवासी नान्सेन यांनी 1893 ते 1896 या काळात 'फ्राम' नावाचं जहाज मुद्दाम आर्क्टिकच्या बर्फात अडकवून बर्फासोबत वाहू दिलं. जहाजावर दुसरं काम काय, रोज वाऱ्याची दिशा आणि आपण कुठे सरकलो याची नोंद. त्यांच्या लक्षात आलं की बर्फ वाऱ्याच्या दिशेने जातच नाही, 20 ते 40 अंश उजवीकडे कललेला जातो. पृथ्वीच्या फिरण्याने असं होत असणार हा अंदाजही त्यांनी केला. परत आल्यावर ब्येर्कनेस या शास्त्रज्ञांना सांगितलं, त्यांनी ते आपल्या एका तरुण विद्यार्थ्याकडे सोपवलं. तो विद्यार्थी म्हणजे वाग्न वाल्फ्रिड एकमन.

एकमन यांनी पाण्याची पत्त्यांची चळत केली असं समजा. वारा सगळ्यांत वरचा पत्ता ढकलतो, तो थोडा उजवीकडे वळतो. तो पत्ता खालच्याला ओढतो, खालचा आणखी उजवीकडे वळतो आणि आणखी हळू जातो. त्याच्या खालचा आणखी. वरचा पत्ता वाऱ्याशी 45 अंशांचा कोन करतो, आणि काही दहा मीटरांपासून शंभरेक मीटरपर्यंत खाली गेलं की एक पत्ता असा लागतो जो वरच्याच्या थेट उलट दिशेने चाललाय, मात्र वेग उरलाय फक्त चार टक्के. सगळ्या पत्त्यांची बेरीज केली की उत्तर येतं वाऱ्याच्या उजवीकडे बरोबर 90 अंश.

चळत नको असेल तर हे करून बघा. उभे राहा. वारा पाण्याला उत्तरेकडे रेटतोय. पाण्याचा वेग वाढतही नाही आणि कमीही होत नाही, तर त्या रेट्याला कुणीतरी दक्षिणेकडे रेटून तोलत असणार. ते काम कोरिऑलिसचं, आणि तो नेहमी चालीच्या उजव्या हाताला रेटतो. मग तुमचा उजवा हात दक्षिणेला यायला तोंड कुठे हवं?

भरकटलेला | सकाळी 11.45

हॉलमध्ये उभा राहून गिरकी घेतली. पूर्वेला! घरच्यांनी चमत्कारिक नजरेने पाहिलं, पण पंधरा दिवस अडलेलं पाच सेकंदांत सुटलं. शेवाळताई, साष्टांग नमस्कार.

चौकस | दुपारी 12.10

45 अंश हे सिद्धान्ताचं, आणि नान्सेन यांना दिसले 20 ते 40. मेळ कसा घालायचा?

शेवाळ | दुपारी 12.30

एकमन यांचा समुद्र आदर्श आहे: अथांग खोल, वारा कधीच न बदलणारा, पत्त्यांमधलं घर्षण खालपर्यंत सारखं. खऱ्या समुद्रात लाटा आहेत, उन्हाने तापलेला वरचा थर आहे, उथळ जागी तळाचं घर्षण आहे. उथळात कोन बराच कमी होतो. हे वळण खुल्या समुद्रात नीट मोजायलाच 1980 चं दशक उजाडलं. मात्र एकूण पाणी काटकोनात जातं हे घर्षण कसं आहे यावर अवलंबून नाही, म्हणून ते टिकलं. आत्ता गिरकी घेताना घर्षण किती हे आपण विचारलं होतं का?

निवृत्त खलाशी | दुपारी 3.05

चर्चा उत्तम. बरीच वर्षं जहाजावर काढली, म्हणून एक सूचना. नकाशे वाचताना नव्या लोकांची हमखास चूक होते. वाऱ्याचं नाव तो कुठून येतो यावरून आणि प्रवाहाचं नाव तो कुठे जातो यावरून. पश्चिमी वारा पश्चिमेकडून येतो, पण 'पश्चिम प्रवाह' पश्चिमेला जातो. दोन्ही एकाच बाजूला चालले असतील तर नावं उलटी पडतात. आमच्यातल्या एका कॅडेटने यावर भर ब्रिजवर (जहाज चालवतात त्या खोलीत) बोलणी खाल्ली होती. तो कॅडेट मीच.

जहाजावर याला सेट आणि ड्रिफ्ट म्हणतात. सेट म्हणजे प्रवाह कुठे नेतोय, ड्रिफ्ट म्हणजे किती वेगाने. उपग्रह नव्हते तेव्हा तारे बघून जागा काढायची, हिशेबाने जिथे असायला हवं त्याच्याशी ताडायची, आणि जो फरक निघेल तो प्रवाहाच्या नावावर टाकायचा. थोडा सुकाणू धरणाऱ्याच्याही नावावर, पण ते लॉगबुकात लिहीत नाहीत.

गल्फ स्ट्रीम कागदावर कसा आला तेही सांगतो. अमेरिका ब्रिटिशांची वसाहत होती तेव्हा बेंजामिन फ्रँकलिन टपाल खात्यात होते. तक्रार अशी की इंग्लंडहून येणारी टपालाची जहाजं व्यापारी जहाजांपेक्षा कितीतरी दिवस उशिरा पोचतात. त्यांनी आपल्या नात्यातल्या टिमथी फोल्जर या व्हेल शिकाऱ्यांच्या कप्तानाला विचारलं. तो म्हणाला, टपालवाले प्रवाहाच्या तोंडावर जहाज घालतात, आम्ही सांगतो, ते ऐकत नाहीत. व्हेल प्रवाहाच्या कडेने असतात, म्हणून शिकाऱ्यांना त्याची कड तोंडपाठ. 1769 च्या सुमारास फ्रँकलिन यांनी नकाशा छापून घेतला. टपालाच्या कप्तानांनी तोही बाजूला ठेवला. कप्तान हा प्राणी तेव्हाही तसाच होता.

भरकटलेला | रात्री 9.20

आता मुलीला सांगायला जे जुळवलं ते इथे तपासून घेतो. चुकलं तर बिनधास्त कान धरा.

व्यापारी वारे पाण्याला पश्चिमेकडे ढकलतात, पश्चिमेला तोंड केलं की उजवा हात उत्तरेला, म्हणून पाणी उत्तरेला सरकतं. वर पश्चिमी वारे पूर्वेकडे ढकलतात, पूर्वेला तोंड केलं की उजवा हात दक्षिणेला, म्हणून तिथलं पाणी दक्षिणेला. दोन्हीकडचं पाणी मध्ये, 30 अंशांच्या आसपास, गोळा होतं आणि तिथे टेकडी तयार होते. मग टेकडीवरून पाणी चहूकडे खाली घरंगळतं आणि तेच प्रवाह. बरोबर?

शेवाळ | रात्री 9.50

शेवटचं वाक्य सोडून सगळं बरोबर. टेकडी खरी आहे, उंची साधारण मीटरभर. 1992 पासून उपग्रह ती रडारने मोजतायत.

पण पाणी खाली घरंगळायला निघतं आणि निघताक्षणी उजवीकडे वळायला लागतं. वळत वळत अशा जागी येतं की उताराची ओढ डाव्या हाताला आणि कोरिऑलिसचा रेटा उजव्या हाताला, दोन्ही बरोबरीत. मग ते खाली जात नाही, वरही जात नाही, टेकडीच्या कडेकडेने चालत राहतं. टेकडी उजव्या हाताला ठेवून. याला आपल्या भाषेत नेमका शब्द आहे: प्रदक्षिणा. दक्षिण गोलार्धातलं पाणी उलटी घालतं.

म्हणजे मुलीच्या प्रश्नाचं उत्तर असं द्या: वारा पाण्याला गोल फिरवत नाही, वारा फक्त टेकडी रचतो. फिरतं ते पाणी त्या टेकडीमुळे.

तिरकस | रात्री 10.05

हजारो किलोमीटरच्या समुद्रात मीटरभराची टेकडी? एवढ्याशा उतारावर गोटीसुद्धा हलणार नाही, आणि गल्फ स्ट्रीम वाहतो म्हणता?

अर्धवट | रात्री 10.30

हिशेब करू. तोल साधला की वेग म्हणजे गुरुत्व गुणिले उतार, भागिले कोरिऑलिसचा आकडा. तो आकडा 38 अंशांवर सेकंदाला 0.00009 च्या जवळ. गल्फ स्ट्रीम ओलांडताना 100 किमीत पाण्याची पातळी साधारण 1 मीटरने चढते. उतार एक लाखात एक. 9.8 भागिले एक लाख, त्याला भागिले 0.00009. आलं सेकंदाला 1.1 मीटर, म्हणजे ताशी चार किमी. प्रत्यक्षात मधोमध याच्या दुप्पटही मिळतो, कारण तिथे उतार जास्त खडा आहे.

गोटी हलणार नाही कारण तिला घर्षण अडवतं. पाण्याला खुल्या समुद्रात अडवायला फारसं कुणी नाही.

तिरकस | रात्री 10.41

आकडा पटला. शब्द मागे. बेसिनचेसुद्धा.

निवृत्त खलाशी | सोमवार, सकाळी 7.30

जहाजावरून ती चढण अर्थातच दिसत नाही. दिसतो तो रंग. गल्फ स्ट्रीमच्या उत्तरेकडच्या कडेला हिरवट-करडं पाणी संपून गडद निळं सुरू होतं, कधी कधी रेघ आखल्यासारखं. पाण्याचं तापमान काही मैलांत कितीतरी अंशांनी चढतं.

चौकस | सकाळी 10.15

तिसरा प्रश्न राहिला. पश्चिमेलाच का?

शेवाळ | दुपारी 1.40

हा सगळ्यांत अवघड, आणि शास्त्रज्ञांनाही तो उशिराच सुटला. 1948 साली हेन्री स्टॉमेल यांनी कागदावर एक चौकोनी समुद्र घेतला, वरून वारा सोडला. आधी कोरिऑलिसचा जोर सगळीकडे सारखा धरला, तर प्रवाहाचं चक्र आलं अगदी सममित, पूर्व-पश्चिम सारखंच. मग तो जोर विषुववृत्तावर शून्य आणि ध्रुवाकडे वाढता धरला, खरा असतो तसा. चक्राचा मध्य सरळ पश्चिमेकडे सरकला आणि पश्चिम कडेला प्रवाह चेपून अरुंद आणि वेगवान झाला. बदलली ती एकच गोष्ट.

का, हे हातवारे करून सांगायचा प्रयत्न करते. वर व्यापारी वारे एका दिशेला, खाली... नाही, उलट लिहिलं! वर पश्चिमी, खाली व्यापारी. तर हे दोन वारे मिळून मधल्या पाण्याला सतत काट्यांच्या दिशेने पीळ देत असतात. वर्षानुवर्षं पीळ देत राहिलं तर समुद्र अधिकाधिक वेगाने फिरायला हवा. तसं होत नाही, म्हणजे कुठेतरी उलटा पीळ मिळत असणार. तो मिळतो किनाऱ्याजवळच्या घर्षणातून. आता उत्तरेकडे जाणारा प्रवाह पश्चिम कडेला ठेवा. किनारा त्याच्या डाव्या हाताला, तिथे पाणी अडतं आणि उजवीकडचं पुढे पळतं. डावा पाय रुतला आणि उजवा पुढे गेला तर माणूस कुठे वळेल? डावीकडे, काट्यांच्या उलट. हवा होता तोच पीळ. तोच प्रवाह पूर्व कडेला ठेवला तर रुततो उजवा पाय, आणि वाऱ्याच्या पिळात भर पडते. हिशेब कधीच जुळत नाही.

म्हणून अटलांटिकच्या बाकी सगळ्या रुंदीत पाणी संथपणे दक्षिणेकडे सरकतं आणि ते सगळं परत येतं पश्चिम कडेच्या शंभरेक किमीच्या पट्ट्यातून. दार अरुंद आणि गर्दी तेवढीच, मग धावावंच लागतं.

किती पाणी, तर समुद्रवाल्यांचं माप आहे स्वेरड्रुप: सेकंदाला दहा लाख घनमीटर. जगातल्या सगळ्या नद्या मिळून समुद्रात ओततात ते एकाहून थोडं जास्त. गल्फ स्ट्रीम फ्लोरिडाजवळ 30, आणि पुढे वाढत वाढत 150 च्या घरात.

सांजवात | दुपारी 4.20

वाचतेय, आणि बरंच काही वर्गात चोरून वापरणार आहे. एक भर घालते. टेकडीसारखी दरीही होते, आणि मासे दरीत असतात. पेरूच्या किनाऱ्यावर वारा किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे वाहतो. दक्षिण गोलार्ध, म्हणून पाणी डावीकडे, म्हणजे किनाऱ्यापासून दूर पश्चिमेला जातं. गेलेल्या पाण्याची जागा भरायला खालचं थंड, खतावलेलं पाणी वर येतं. त्यावर सूक्ष्म वनस्पती माजतात, त्यांच्यावर मासे. हे व्यापारी वारे मंदावले की पॅसिफिकमध्ये एल निनो.

निवृत्त खलाशी | संध्याकाळी 6.00

हेच सोमालियापाशी अनुभवलंय. नैऋत्य मोसमी वारा किनाऱ्याला धरून ईशान्येकडे सुसाट जातो, उत्तर गोलार्ध म्हणून पाणी उजवीकडे, आग्नेयेला, खुल्या समुद्रात. ऐन जुलैत, विषुववृत्तापासून इतक्या जवळ, समुद्राचं पाणी 20 अंशांच्या आसपास! इंजिनरूमला पहिल्यांदा वाटतं की थर्मामीटर बिघडला.

आणि हिवाळ्यात वारा उलटला की सोमाली प्रवाहही उलटतो. उन्हाळ्यात उत्तरेकडे चार नॉट (ताशी सुमारे साडेसात किमी) आणि वर, हिवाळ्यात दक्षिणेकडे. एवढा दांडगा प्रवाह वर्षातून दोनदा पाठ फिरवतो, असं दुसरीकडे पाहिलेलं नाही.

अर्धवट | संध्याकाळी 6.20

अवांतर: जानेवारी 1992 मध्ये उत्तर पॅसिफिकमध्ये वादळात एका जहाजावरून कंटेनर पडला आणि सुमारे 29 हजार प्लॅस्टिकची खेळणी समुद्रात सांडली. पिवळी बदकं, हिरवे बेडूक, निळी कासवं, लाल बीव्हर. दहाएक महिन्यांनी ती अलास्कातल्या सिटकाच्या किनाऱ्याला लागायला लागली. कर्टिस एब्समायर या समुद्रशास्त्रज्ञांनी किनाऱ्यावर फिरणाऱ्या हौशी लोकांकडून वर्षानुवर्षं नोंदी गोळा केल्या आणि त्यावरून प्रवाहांची गणितं तपासली. मुलीला हे आधी सांगा, टेकडी नंतर.

भरकटलेला | मंगळवार, रात्री 9.10

सांगितलं. बदकं तुफान चालली. टेकडीही चालली, दिवाणखान्यात उशीला प्रदक्षिणा घालून दाखवली. स्टूल काट्यांच्या उलट फिरवलं, रेघ उजवीकडे वळली, उत्तर गोलार्ध ताब्यात आला.

आणि आता नवीन प्रश्न. "उत्तरेत उजवीकडे, दक्षिणेत डावीकडे, मग बरोबर विषुववृत्तावर पाणी कुठे वळतं?" शून्य असं मला माहीत आहे, पण पुन्हा 'हे वाक्य आहे' असं ऐकायची हिंमत नाही.

शेवाळ | रात्री 9.45

हुशार आहे पोरगी. तिथे वळत नाही, आणि त्याचा पुरावा समुद्रात सापडलाय. पॅसिफिकमध्ये व्यापारी वारे वरचं पाणी पश्चिमेकडे लोटतात, तिकडची पातळी पूर्वेपेक्षा अर्धा मीटरभर उंच होते. इतर कुठे हे पाणी उतारावरून निघून वळलं असतं. विषुववृत्तावर वळवणारं कुणी नाही, म्हणून ते वरच्या प्रवाहाच्या खालून, शंभरेक मीटर खोलीवरून, सरळ उतारावर पूर्वेकडे धावतं. वर पश्चिमेकडे, खाली पूर्वेकडे. 1952 साली टाउनसेंड क्रॉमवेल यांनी हे शोधलं. मासे पकडायला खोल सोडलेल्या दोऱ्या वाऱ्याच्या उलट दिशेला चालल्या होत्या, तिथून हा माग लागला.

प्रयोग हवा असेल तर स्टुलाचा वरचा कागद म्हणजे ध्रुव. विषुववृत्त स्टुलाच्या बाजूला आहे. स्टुलावर उभा डबा ठेवा, कागद डब्याभोवती गुंडाळा, स्टूल एकसारखं फिरवत पेन वरून खाली एकसारखं सरळ ओढा. मग कागद उलगडून बघा.

भरकटलेला | बुधवार, रात्री 8.50

केलं. डब्यावर असताना रेघ पिळलेली वाटत होती, मुलगी म्हणाली, "बघ, वळली." कागद सोडवून टेबलावर सपाट केला आणि पट्टी लावली. रेघ तिरकी आहे, पण सरळसोट. विळा नाही. ती बराच वेळ पट्टी वरखाली करून बघत होती.

अर्धवट | रात्री 8.57

स्टूल कुठल्या बाजूने फिरवलंत?

भरकटलेला | रात्री 9.03

दोन्ही बाजूंनी. एक रेघ इकडे तिरकी, एक तिकडे. दोन्ही सरळ.